फुग्याचं शेपूट

सकाळी नऊला बोरूचा फोन आला तेव्हा वहिनी नव्या अंकाचे सुटे कागद जेवणाच्या टेबलावर लावत होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, दोन्ही हात कामात. नणंदेचा फोन म्हणजे निम्मं बोलणं आणि निम्मं खिदळणं, त्यामुळे ती आधीच हसायला लागली होती.

“काय गं वहिनी, शेवट वाचून रडलीस की नाही? खरं सांग.”

“कुठला शेवट?”

“अगं बाई! ‘दोन वल्ही’चा, दुसरा कुठला? भाऊ होडी विकून येतो आणि बहीण त्याला म्हणते, ‘मला विचारायचं होतंस.’ तीनच शब्द, पण तीन दिवस खाल्ले त्यांनी माझे. मनगट ठणकत होतं तरी लिहिलं. दादा काही म्हणाला का? जाऊ दे, तो कसला म्हणतोय. तीनला येते.”

फोन बंद झाला आणि वहिनीने हातातला कागद खाली ठेवला. शेवटच्या चौकटीतले शब्द तिने स्वतः संगणकावर टाईप केले होते. ते होते, ‘तुझंच बरोबर होतं.’

तिने गठ्ठ्यातून शेवटचं पान ओढून काढलं. होडी नसलेला काठ, काठावर भाऊ आणि बहीण, वर संवादाचा एक फुगा, आणि फुग्याचं शेपूट बहिणीच्या तोंडाकडे. आतली अक्षरं हुबेहूब बोरूची. तोच पोट सुटलेला ‘ब’, तोच जरा मागे रेललेला ‘र’. कुणीही शपथेवर सांगितलं असतं की हे तिनेच लिहिलंय.

ह्या घरात कॉमिक पहिल्यापासून हातानेच होत आलेलं. दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेल्या वेळात बाबा चित्रं काढायचे आणि फुगे रिकामे सोडायचे. आई त्यांत अक्षरं भरायची. बाबांचा हात कापायला लागला तेव्हा चित्रं दादाकडे आली. आई गेली तेव्हा अक्षरं धाकटीकडे आली. ही धाकटी पाच वर्षांची असल्यापासून आईचा बोरू हातातून सोडत नसे, म्हणून तिचं नावच बोरू पडलं. भाऊबहीण वर्षातून दोन अंक काढत, पदरचे पैसे घालून छापत, आणि स्वतःची कॉमिक स्वतः छापणाऱ्यांच्या मेळ्यात टेबल मांडून विकत. मेळा उद्या सकाळी होता.

बोरूची एकच खोड. लिहिता लिहिता ती दादाचे संवाद बदलायची. “जे पटत नाही ते माझ्या हातून उतरतच नाही,” असं वर तोंड करून सांगायची. गेल्या अंकाच्या वेळी ह्यावरून असं वाजलं होतं की दोघं तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हती आणि अंकाचा मेळाच हुकला.

मग दोन महिन्यांपूर्वी दादा बायकोला म्हणाला, “बोरूचं मनगट फारच धरलंय. शेवटच्या आठ पानांत तिने बदल सांगितलेत, पण लिहिणं जमणार नाही म्हणते. तिने सगळ्या अक्षरांचा तक्ता लिहून दिलाय. तू त्याचा फॉन्ट कर आणि ती आठ पानं टाईप करून टाक. तिच्यापुढे मात्र हाताचा विषय काढू नकोस, चिडते ती.” वहिनी डीटीपीचं काम करणारी. तिने चार रविवार घालून एकेक काना, एकेक मात्रा पारखून तो फॉन्ट केला. प्रेमाने केला. नणंदेचा हात दुखतोय, तेवढाच आपला हातभार, असं तिला वाटलं होतं. आता तिला स्वतःच्याच बोटांची शिसारी आली.

दादा दाढी करत होता. ती आरशासमोर पान धरून उभी राहिली.

“बोरूला हे माहीत आहे?”

त्याने वस्तरा धुतला, उगीच दोनदा धुतला. “सांगणार आहे.”

“म्हणजे नाही. तू माझ्याशी खोटं बोललास.”

“हे बघ, मेळा होऊ दे. उद्या संध्याकाळी मी स्वतः सांगतो. आज तेवढी गप्प बस. आज तोंड उघडलंस तर हाही मेळा गेला, आणि मग ती आणि मी कधी एका टेबलाशी बसू ह्याची मी खात्री देत नाही. बघ मग, तुला काय करायचं ते कर.”

झालं! ओझं आणून तिच्या डोक्यावर ठेवलं आणि हा मोकळा. वहिनीने दुपारपर्यंत फरशी पुसली, आधीच स्वच्छ असलेली कपाटं आवरली. पण काही केल्या तिला बोरूने दिलेली ती पहिली भेट आठवत राहिली. लग्न होऊन वहिनी ह्या घरात आली तेव्हा तिने आयुष्यात एक कॉमिक धड वाचलेलं नव्हतं. चौकटी आधी आडव्या वाचायच्या की उभ्या हेही कळायचं नाही, आणि जेवताना सगळे कॉमिकचंच बोलायचे. ती मूग गिळून बसायची. आठव्या दिवशी बोरूने तिच्या हातात एक चिमुकली वही ठेवली, एकाच कागदाच्या घड्या घालून केलेली, आठ पानांची. त्यानंतर दर आठवड्याला एक कॉमिक आणून द्यायची, आणि परत घेताना विचारायची, कुठल्या पानावर थांबलीस? आवडलं का, असं तिने कधी विचारलं नाही. ह्या घरात वहिनीला कुणी आपलं केलं असेल तर ते बोरूने केलं होतं. आणि आज बोरू सतरावं पान, त्या आठांतलं पहिलं, उलटणार होती.

तीनच्या ठोक्याला आत्या आली. ही बाबांची थोरली बहीण. चाळीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात काढलेली, त्यामुळे कागद दिसला की हात शिवशिवायचे. आल्या आल्या तिने पर्समधून घडी दाबायची हाडाची पट्टी काढली आणि पदर खोचला. मागोमाग बोरू आली. मनगटाला पट्टा, खांद्याला झोळी.

“वहिनी, तुझा चेहरा का असा उतरलाय?”

“झोप नाही झाली,” वहिनी म्हणाली. दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

घरात नियम होता, आईने घालून दिलेला. आधी वाचन, मग टाचणी. म्हणजे अंक टाचायच्या आधी टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने सध्या आवडलेल्या एका कॉमिकचं एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं. जो वाचणार नाही त्याने स्टेपलरला हात लावायचा नाही. मोठ्यापासून सुरुवात, शेवट घरात सगळ्यांत नव्या माणसाचा.

आत्याने कुणा दंतवैद्याच्या मदतनीस मुलीने काढलेलं झेरॉक्स कॉमिक आणलं होतं. त्यात एका जबड्यातले दात शेजाऱ्यांसारखे भांडतात. “अक्कलदाढ म्हणते,” आत्याने आवाज चढवला, “मी उशिरा आले म्हणून काय जन्मभर कोपऱ्यात राहू?” बोरू खो खो हसली आणि तिने वहिनीला कोपर मारलं. वहिनीला हसू फुटेना.

बाबा नेहमीच बिनशब्दांचं कॉमिक आणायचे आणि तरी मोठ्याने वाचायचे. “हं. ही मांजर. ही शिडी. आता मांजर शिडीकडे बघतेय. अजून बघतेय. बघा, बघा, चढली! आणि... पडली.” त्यांचा हात कापत होता, पण नजर पहिल्यासारखीच होती, घारीची.

“दादा, तुझं.”

“माझं राहू दे आज. वेळ नाही. घड्या घालून घेऊ आधी.”

“वेळ नाही म्हणजे?” आत्या म्हणाली. “आपण काय आग विझवायला निघालोय? बरं बाबा, तुझी मर्जी. स्टेपलरला हात लावू नकोस म्हणजे झालं. बोरू, तू वाच.”

बोरूने झोळीतून एक जाडसर बाड काढलं. एका नर्सने तापाच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर काढलेलं. ते तिने टेबलावर ठेवलं आणि पुन्हा बाजूला सारलं.

“हे फार सुंदर आहे, सगळ्यांनी वाचा. पण आज मी आपलाच अंक वाचणार. शेवटचं पान. मला त्याचा अभिमान आहे, हसा हवं तर.” तिने गठ्ठ्याकडे हात केला.

“हात लावू नकोस!” दादा खिडकीपासून दोन ढांगांत आला. “शाई ओली आहे.”

“ओली कसली?” आत्याने वरचा कागद अंगठ्याने घासून दाखवला. “काल आलेत ना कागद? खणखणीत वाळलेत.”

बोरूचा हात गठ्ठ्यावर पडला. वहिनीच्या मनात एकच आलं, की हे त्या पानाकडून हिला कळता कामा नये. माझ्याकडून कळू दे.

“बोरू, थांब. आधी मी वाचते.”

“तुझा नंबर शेवटचा.”

“माहीत आहे. तरी मी वाचते.”

तिने ओढणीच्या टोकाला बांधून ठेवलेली ती चिमुकली वही सोडली. कडा मऊ पडल्या होत्या. बोरूने ओळखली आणि तिचा चेहरा खुलला. “ही अजून ठेवलीस? वेडीच आहेस!”

“कॉमिक कसं वाचायचं, नव्या माणसासाठी,” वहिनीने वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. “पान एक. घाबरू नको, आम्हीही चुकतो. पान दोन. चौकटीच्या बाहेर पाय आला तर समज, तो माणूस रागावलाय किंवा चित्रकाराला जागा पुरली नाही.” बाबा हसले. “पान तीन. फुग्याचं शेपूट नीट बघ. शेपूट ज्याच्या तोंडाकडे, शब्द त्याचे.”

तिने वही मिटली.

“बोरू, आपल्या अंकाच्या शेवटच्या आठ पानांत शेपूट गोष्टीतल्या बहिणीकडे आहे, पण शब्द तू लिहिलेले नाहीत. अक्षरंही तू लिहिलेली नाहीत. ती मी टाईप केलीत. चार रविवार घालून, तुझ्या तक्त्यावरून फॉन्ट करून. मला वाटलं तुला माहीत आहे. सकाळी तुझा फोन आला तेव्हा कळलं की नाही.”

बोरूने शेवटचं पान काढलं, वाचलं, मग सतरापासून तेवीसपर्यंतची सगळी पानं एकेक करून वाचली. घाई केली नाही. तिचे कान लाल झाले होते.

“अगं, मी तुला काय सांगितलं होतं?” दादा बायकोवर कडाडला. “एक दिवस! एक दिवस तोंडाला कुलूप घालता आलं नाही तुला?”

“नाही आलं.”

“तिच्यावर कशाला ओरडतोस?” बोरू म्हणाली. “तक्ता तू मागितलास माझ्याकडून. सुलेखनाच्या वर्गातल्या मुलांना दाखवायचाय म्हणालास. दुखत्या हाताने रात्रभर बसून लिहिला मी. मुलांसाठी म्हणून.”

“हे बघा,” आत्या मध्ये पडली, “झालं ते झालं. अंक छापून आलाय. दोन भावंडांत कुणाचे शब्द आणि कुणाचे नाही, बाहेर कोण विचारतंय? वाचणाऱ्याला काय कळणार आहे?”

“मला कळतंय,” बाबा म्हणाले.

ते इतका वेळ भिंग लावून पान बघत होते. “मघाशीच वाटलं काहीतरी चुकतंय. ह्या पानावर सात ‘त’ आहेत, सातही जुळे. हिची आई एक ‘त’ दुसऱ्यासारखा काढत नसे, आणि हीही नाही काढत. राग आला की हिचा ‘त’ आखडतो. इथे बहीण रडतेय, आणि अक्षरांना पत्ताच नाही.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मी पोटासाठी दुसऱ्यांची नावं रंगवली जन्मभर. पण दुसऱ्याची सही नाही केली रे कधी.”

दादाला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. तो खुर्चीवर बसला, बसला म्हणजे कोसळलाच.

“मला तिची अक्षरं हवी होती,” तो म्हणाला. “मतं नको होती. एकदा तरी माझी गोष्ट माझ्यासारखी संपू दे, एवढंच.”

“तुझी गोष्ट?” बोरू उठून उभी राहिली. “होडी म्हणजे काय ते ह्या टेबलावर बसलेल्या कुणाला कळत नाही? आईचं कपाट आहे ते! तीन पिढ्यांची कॉमिकं होती त्यात, मागच्या पानांवर आईच्या पेन्सिलीतल्या नोंदी होत्या. घर बदलताना तू ते कुणा संग्राहकाला उचलून दिलंस आणि मी गावाहून आले तर भिंतीवर नुसता चौकोनी डाग! मी भांडले का? नाही भांडले. तीन शब्द लिहिले फक्त. तेही तू खोडलेस. आणि वर माझ्याच हाताने माझ्याकडून वदवून घेतलंस, तुझंच बरोबर होतं!”

“कारण कुणीच म्हटलं नाही ना ते मला!” दादाचा आवाज फुटला. “कपाटाला वाळवी लागली होती. अर्धं गेलंच होतं. उरलेलं वाचावं म्हणून जो नीट ठेवेल त्याला दिलं. तुला फोन करायला हवा होता, पण मला वाटलं तू रडशील आणि मग माझ्याच्याने ते देववणार नाही. दोन वर्षं झाली, ह्या घरात कुणी म्हणालं नाही की बरं केलंस, किंवा वाईट केलंस. नुसते गप्प. मी वाट बघत होतो गं.”

वाळवीचं हे कुणालाच माहीत नव्हतं. वहिनीलासुद्धा नाही. टेबलाशी बसलेल्या माणसांची सगळी मांडणी जागच्या जागी हलली. आत्या, जी मघाशी दादाची बाजू घेत होती, ती त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागली.

“मग हे तोंडाने सांगायला काय झालं होतं मेल्या? त्यासाठी पोरीची अक्षरं चोरलीस?”

“आत्या, ती आठ पानं काढून टाकू,” वहिनी म्हणाली. “सोळा पानांचाच अंक नेऊ.”

“काढतेस कशी?” आत्याने एक सुटा कागद उचलून उलगडला. “मधोमध टाचायचा अंक आहे हा. एकाच कागदावर डावीकडे चोविसावं पान, उजवीकडे पहिलं. शेवटची आठ काढलीस तर पहिली आठही गेली. आणि छापखाना सोमवारपर्यंत बंद.”

“मग नेऊच नका,” बाबा म्हणाले.

दादाने मान हलवली. त्याच्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. सहा महिन्यांची चित्रं समोर पडली होती. वहिनीला त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही येत होती, दोन्ही एकदम, आणि ह्यातलं कुठलं आधी बोलून दाखवावं हे तिला समजेना.

बोरू शेवटच्या पानाकडे बघत होती. मग तिने ती चिमुकली वही ओढून तिसरं पान उघडलं आणि पानाशेजारी ठेवलं.

“वहिनी, व्हाइटनर आहे?”

वहिनीने खणातून काढून दिलं. बोरूने उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि बहिणीच्या तोंडाकडे जाणारं शेपूट एका फटकाऱ्यात पुसलं. फुगा काठावर नुसता तरंगत राहिला. ‘तुझंच बरोबर होतं.’ कुणाचंच नसलेलं वाक्य. तिने फुंकर मारून ते वाळवलं आणि पान दादापुढे सरकवलं. वर त्याचं काळं पेन ठेवलं.

“शब्द तुझे आहेत, ते राहू देत. आधीची सात पानंही चालवून घेते. शेपूट आता तू काढ. चित्रकार तू आहेस.”

चित्रात दोनच माणसं होती. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला भाऊ. शेपूट जायला दुसरी जागाच नव्हती. दादाने पान बघितलं आणि त्याच्या ते लक्षात आलं. त्याने पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“दोनशे प्रती आहेत,” तो म्हणाला.

“मग लाग कामाला.”

पहिलं शेपूट वाकडं आलं. दुसरं बरं आलं. मग कुणी न सांगता रांग लागली. वहिनी पान काढून द्यायची, बोरू पुसायची, बाबा पुठ्ठ्याने वारा घालायचे, दादा शेपूट काढायचा, आणि आत्या हाडाच्या पट्टीने घड्या दाबत बसायची. तासाभराने बोरूने वहिनीकडे न बघता विचारलं, “तो फॉन्ट?”

“सकाळीच पुसला. तक्ताही काढलाय. तुझ्या झोळीत ठेवलाय.”

“माझा राग गेलेला नाही अजून.”

“माहीत आहे.”

“चार रविवार घातलेस म्हणे. ‘ळ’ छान साधला होतास,” बोरू म्हणाली आणि पुढचं पान ओढलं. वहिनीने मान खाली घातली, कारण डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं असतं तर आत्याने तिला घरातून हाकललं असतं.

उन्हं टेबलावरून सरकून भिंतीवर गेली तेव्हा दोनशेवं शेपूट वाळलं. दादाने बोटं मोडली आणि सवयीने स्टेपलरकडे हात नेला. बोरूने स्टेपलरवर पंजा ठेवला.

“दादाचं वाचन राहिलंय.”

“बोरू, आता पुरे.”

“नियम आईचा आहे. माझा नाही.”

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मांजरीचं कॉमिक उघडलं होतं आणि ते फार लक्ष देऊन वाचत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने वरची प्रत उचलून त्याच्या हातात दिली, शेवटचं पान उघडून.

तो उभा राहिला. लहानपणी आईसमोर राहायचा तसा, पाय जुळवून.

“काठ,” तो वाचायला लागला. “होडी नाही. भाऊ बहिणीकडे बघतो. आणि भाऊ म्हणतो...” तो थांबला. त्याने प्रत खाली घेतली आणि कागदावर न बघता पुढचं म्हटलं, कारण ते त्याला पाठच होतं.

“तुझंच बरोबर होतं.”

बोरूने स्टेपलरवरचा हात काढला आणि स्टेपलर त्याच्याकडे सरकवला.